हिरव्या प्रोग्रॅमचे आकडे

सोमवार, ४ मार्च

आज तिघांपैकी दोघांनी दांडी मारली. दोघांनी! आणि मॅडम मलाच विचारतात, "अगं, फोन केला होतास ना?" केला होता हो! पण फोन वाजला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, तीच माणसं आपण जमवली आहेत ना बाई! चारचौघांची भीती कॉम्प्युटरच्या सरावानं कमी होते का, ते मोजायचंय. आणि मोजायला बोलवायचं कुठे — तर परक्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, परक्या बाईसमोर. ही अक्कल कोणाची, ते मी इथेही लिहीत नाही.

तिसरा आला, पण तासभर उशिरा. छत्रीवाला. (ऊन असो नसो, छत्री काखेत.) कुठे होतात? तर तिसऱ्या मजल्यावर फी भरायच्या खिडकीपाशी कुणीतरी विचारलं, "रांगेत आहात का?" ह्याला नाही म्हणवेना. उभा राहिला! सरकत सरकत खिडकीपर्यंत गेला! तिथे काय बोललात, विचारलं. म्हणे, "सुट्टे मिळतील का, विचारलं."

मला हसू फुटलं. मग आठवलं — मला हसायची परवानगी नाही.

बुधवार, ६ मार्च

हसण्याचं प्रकरण मॅडमच्या कानावर गेलं. गणित्यानंच सांगितलं असणार. गणित्या म्हणजे आमचे आकडे तपासणारा. माणूस वाईट नाही, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे फ्रीजशी बोलणं.

नियम असा की सगळा सराव संपला की प्रत्येकानं दोन माणसांसमोर उभं राहून पाच मिनिटं बोलायचं. ती दोन माणसं म्हणजे मी आणि गणित्या. आम्ही चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, मान डोलवायची नाही, "हं" म्हणायचं नाही. एकाला हसून दाखवलं आणि दुसऱ्याला नाही, की मोजमाप बोंबललं. गणित्याला सराव लागत नाही, तो जन्मालाच तसा आला. मला आरशासमोर उभं राहावं लागतं.

धाकटीनं पाहिलं. "ताई, ते थोबाड ऑफिसातच ठेवून येत जा हं. जेवताना नको."

शुक्रवार, ८ मार्च

पुन्हा वाक्यांवरून कटकट. आमच्या प्रोग्रॅममध्ये अर्धवट प्रसंग असतात. 'तुम्ही खोलीत शिरता. आत दोघं बोलत असतात. तुम्हाला बघून ती गप्प होतात.' मग शेवट येतो, त्यातलं एक अक्षर गाळलेलं, ते भरायचं. खऱ्या प्रोग्रॅममध्ये शेवट नेहमी चांगला — ती दोघं तुमच्याच वाढदिवसाचं ठरवत होती वगैरे. रोज असे पन्नास चांगले शेवट वाचले की डोक्याला चांगला अर्थ लावायची सवय लागते, असं मॅडमचं म्हणणं. आणि खोट्या प्रोग्रॅममध्ये निम्मे शेवट चांगले, निम्मे वाईट. म्हणजे सवय लागायला नको. दोन्ही तुलनेला.

प्रसंग आधी मॅडमनी लिहिले होते. 'आपण समारंभास उपस्थित आहात. एक परिचित आपणांस संबोधतो.' कोण बोलतं असं? न्यायाधीश? मी सगळे खरडून काढले आणि नव्यानं लिहिले. सगळा जानेवारी त्यात गेला. दारावरची बेल, लिफ्टमधली माणसं, कुणीतरी बघत असताना गिळलेला घास, लग्नात कोपऱ्यातली खुर्ची शोधणं. आज मॅडम विचारत होत्या, "तुला हे इतकं सुचतं कुठून गं?" म्हटलं, घरातच एक नमुना आहे. धाकटी बहीण.

शेवट मात्र मी नाही लिहिले. ते गणित्याकडे. हिरवा प्रोग्रॅम आणि निळा प्रोग्रॅम, त्यातला खरा कुठला ते फक्त त्याला माहीत. मी स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही. बरोबरच आहे म्हणा, माझा चेहरा लगेच बोलतो.

रविवार, १० मार्च

लिहू का नको, लिहू का नको. लिहितेच. आज मी चोरी केली.

धाकटीची तोंडी परीक्षा नऊ एप्रिलला. गेल्या वर्षी ही बाई दारापर्यंत गेली, आतून हिचं नाव पुकारलं, आणि ही जिना उतरून थेट घरी! लेखीत पहिली, तोंडीत गैरहजर. पदवी तिथेच अडकली. यंदा ही शेवटची संधी. चुकली तर तीन वर्षांचे सगळे पेपर पुन्हा. आणि ती तर हल्ली "मला नकोच ती पदवी" म्हणायला लागलीय. म्हणजे ठरवून टाकलंय तिनं मनात.

अभ्यासात नातेवाईक घ्यायचे नाहीत, असा नियम. मी तिला घेतलं नाहीये. मी फक्त प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून घरी आणला. एकच मावत होता. हिरवा घेतला. का? हिरवा रंग बरा वाटला. याला म्हणतात शास्त्र!

मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. उद्यापासून रोज दुपारी तीन वाजता करायचा, असा दम दिला. तोंड वाकडं करून "बरं" म्हणाली. आधी एकदा आणि मग दर शनिवारी प्रश्नावली येते, तिचे आकडे मला दिसतील. बाकी काही बघणार नाही. आईशप्पथ.

बुधवार, १३ मार्च

बाबांनी आज वीट आणला. प्लंबर आला होता. बाबा घरात, मी आंघोळीला. बेल वाजतेय, वाजतेय, वाजतेय! मी डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आले तर हे आतल्या खोलीत पेपर धरून बसलेले. "बाबा, बेल ऐकू नाही आली?" तर म्हणे, "मला वाटलं, तू बघशील." आई होती तेव्हा आई बघायची. आता मी. गॅसवाला मी, बँक मी, शेजारी मी, नातेवाइकांचे फोन मी! ह्यांनी साहेबासारखं आत बसायचं.

शिष्ट माणूस. पस्तीस वर्षं नोकरी केली, नकाशे काढले, आणि निरोपाच्या दिवशी साहेबापासून सगळे हार घेऊन तयार — तर हे तब्येतीचं कारण सांगून घरी! आईनं जाऊन हार आणला. त्या दिवशी तब्येतीला काही धाड भरली नव्हती, मी घरीच होते. लोक म्हणाले, फार मान आहे हो ह्यांना स्वतःचा. मीही तेच म्हणते.

रविवार, १७ मार्च

आकडे पाहिले.

पहिल्या दिवशी ऐंशीपैकी एकाहत्तर, काल सत्तर! आमच्या लॅबमध्ये सगळ्यात वरचा आकडा जिनेवालीचा, जी लिफ्टमध्ये माणसं असतात म्हणून चार मजले चढून येते. तिचा बासष्ट! आणि माझ्या घरात एकाहत्तर? धाकटीला तोंडी परीक्षेची भीती आहे हे माहीत होतं, पण हे काय? लोकांसमोर जेवणं — चार. चार म्हणजे 'अत्यंत'. दार उघडणं — चार. कुणाकडे पाहुणा म्हणून जाणं — चार. आपल्याबद्दल चांगलं बोललं जात असताना तिथे उभं राहणं — तेही चार! हिच्या मनात एवढं चाललंय आणि मी हिला आळशी म्हणत होते. पोरगी सगळ्यांसमोर मिटक्या मारत जेवते, हसते, आणि आतून हे!

दुपारी तिचं ताट तिच्या खोलीत नेऊन दिलं. "घे, निवांत जेव. कुणी बघत नाही."

"ताई, तुला ताप आलाय का?"

बाबाही नेहमीप्रमाणे आपलं ताट घेऊन आतच गेले, भिंतीकडे तोंड करून. मला टेबलाशी एकटीला बसावं लागलं. धन्य ते घर!

मंगळवार, १९ मार्च

मॅडमनी बसायच्या खोलीतल्या खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवल्या! "कशा छान दिसतात!" जिनेवाली आणि छत्रीवाला समोरासमोर. अर्धा तास दोघंही स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी गुपचूप सगळ्या खुर्च्या खिडकीकडे वळवल्या. मॅडमनी पुन्हा फिरवल्या. मी पुन्हा वळवल्या. पगार याचाच मिळतो मला.

रविवार, २४ मार्च

त्रेसष्ट!

उतरतोय! काल ऐंशीपैकी त्रेसष्ट. धाकटीला जवळ घेतलं तर "काय झालंय हिला" म्हणून अंग चोरून पळाली. पण मला कळतं. हल्ली दुपारभर घरात नसते म्हणे. प्रोग्रॅम उरकून मैत्रिणीकडे जाते. ही! मैत्रिणीकडे! आपणहून!

हिरवा खराच असणार. दुसरं काय?

गुरुवार, २८ मार्च

आत्याचा फोन. तिच्या नातवाच्या बारशाला बाबा आले नाहीत म्हणून तोंडभर बोलली — मला. "तुझ्या बाबाला माणसं नकोत गं, पहिल्यापासून नकोत." मी म्हटलं, आत्या, हे त्यांनाच सांग ना, देते फोन. बाबा हातानंच नको नको करत गॅलरीत गेले. मग ऐकून घेतलं मीच. फोन ठेवल्यावर त्यांना म्हटलं, "एवढा कसला तोरा बाबा?" चष्मा पुसत बसले.

लॅबमध्ये पाच मिनिटांची भाषणं सुरू. आज एक मुलगी बोलता बोलता रडायला लागली आणि मी तोंड कोरं करून बसले. गणित्यासुद्धा नंतर म्हणाला, "हे जरा जास्तच होतं." त्याच्याकडून हे म्हणजे फारच झालं.

रविवार, ३१ मार्च

चोपन्न.

शुक्रवार, ५ एप्रिल

सुट्टी नाही! नऊ तारखेला धाकटीबरोबर जायचं म्हणून एक दिवस मागितला, एक! मॅडम म्हणे, "त्या दिवशी शेवटची सहा भाषणं आहेत, चेहरा बदलून कसं चालेल?" माझा चेहरा आता उपकरण झालाय. वजनकाटा.

घरी येऊन थयथयाट केला. एकटी पाठवली तर ही पुन्हा जिन्यावरून परत येणार, मला पक्कं माहीत. आत्याला सांगू का, शेजारणीला सांगू का, असं चाललं होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "मी जातो तिच्याबरोबर."

बाबा! मी धाकटीकडे बघितलं, धाकटी माझ्याकडे. मी म्हटलं, "तिथे तास न् तास बसावं लागेल. गर्दी असते." "हो, माहितीय," म्हणाले.

आता जाग आली साहेबांना. असो. निदान दाराशी राखणदार तरी झाला. ऐन वेळी तब्येतीचं कारण काढलं तर मात्र माझ्याइतकं वाईट कुणी नाही.

रविवार, ७ एप्रिल

अठ्ठेचाळीस!! मॅडमना सांगता येत नाही, गणित्याला सांगता येत नाही. पोटात मावत नाहीये.

मंगळवार, ९ एप्रिल

पास! पास! पास!

सहा भाषणं कोऱ्या चेहऱ्यानं ऐकली, एक शब्द डोक्यात शिरला नाही. मधल्या सुट्टीत फोन. "ताई, झालं. चौघं होते समोर. एक तर नुसता घड्याळ बघत होता. पण बोलले मी." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत येऊन पुन्हा कोरा चेहरा! गणित्यानं रुमाल पुढे केला, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी धाकटीची टकळी थांबेना. मधेच म्हणाली, "आणि बाबांनी ना, तिथल्या शिपायाला जाऊन विचारलं, पाणी कुठे मिळेल. स्वतः! मग एका मुलाच्या वडिलांशी बोलत बसले होते." म्हटलं, त्यात काय एवढं? पाणीच मागितलं ना, किल्ला नाही जिंकला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू ना ताई..." म्हणाली आणि उठून गेली. असेल दमलेली.

गुरुवार, ११ एप्रिल

निकाल. गणित्यानं दार लावलं, पडदा ओढला. निळ्या गटाची भीती उतरली. हिरव्याचीही उतरली. तितकीच! खरा प्रोग्रॅम आणि खोटा प्रोग्रॅम, दोन्ही सारखे. मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच कोरा झाला. चार महिने, एवढी माणसं, एवढे फोन, आणि हातात भोपळा!

मॅडम कुठला रंग खरा हे ऐकायलाही थांबल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, काय वाटेल ते म्हणा, माझ्या घरात पुरावा आहे. एकाहत्तरचे अठ्ठेचाळीस! तोंडी परीक्षा पास!

घरी आल्या आल्या धाकटीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, त्यांना काय कळतंय, तुला गुण आला ना? माझा खरा निकाल तूच.

ती म्हणाली, "ताई, तू चिडशील."

"नाही चिडणार."

"मी तो प्रोग्रॅम केलाच नाही."

चिडले! एवढी चिडले की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला असेल. पहिल्याच दिवशी उघडला, प्रश्नावली बघितली आणि न भरताच बंद केला म्हणे. फार कंटाळवाणा. रोज दुपारी मैत्रिणीकडे जाऊन तिच्या घरच्यांना समोर बसवून उत्तरं बोलायचा सराव करत होती. प्रोग्रॅम नाही केला तर ताई डोकं खाईल, म्हणून बाबांना म्हणाली होती, तुम्ही नुसती बटणं दाबा माझ्या नावावर, काहीही दाबा.

म्हणजे माझे सगळे आकडे खोटे! महिनाभर जीव टांगणीला लावून बसले ते काय बाबांच्या टिचक्यांवर? मी म्हटलं, "मग एकाहत्तर कुठून आले? काहीही दाबलं की एकाहत्तर येत नाही. आणि काहीही दाबलं की दर शनिवारी असा सरळ उतरतही नाही."

धाकटी म्हणाली, "काहीही नाही दाबलं त्यांनी. मी एकदा पाठीमागून पाहिलं. एकेका प्रश्नाला किती वेळ थांबायचे. पहिल्या आठवड्यानंतर मी म्हटलंही, बाबा राहू द्या, मी ताईला सांगून टाकते. तर नको म्हणाले."

जेवणार का विचारायला कुणी आलं नाही. मी पुन्हा कॉम्प्युटर उघडला आणि पहिल्या दिवसाची उत्तरं एकेक करून वाचली. दार उघडणं. लोकांसमोर जेवणं. आपल्याबद्दल चांगलं बोललं जात असताना तिथे उभं राहणं. मी मानसशास्त्र शिकलेय. मला त्याचा पगार मिळतो.

आणखी लिहवत नाही.

रविवार, १४ एप्रिल

दोन दिवस बाबांसमोर जायचं टाळलं. आज सकाळी बाबाच आले, चहा घेऊन, माझ्या खोलीत. उभ्याउभ्याच बोलले. "धाकटीनं सांगितलं म्हणे तुला. तिला रागावू नकोस. त्यात शेवट कधी चांगला यायचा, कधी वाईट, त्याचं काही नाही गं. पण सुरुवात वाचली की वाटायचं, अरे, हा तर मीच. तूच लिहिलंयस ना ते सगळं? आई गेल्यावर मला वाटलं होतं, आता हे कुणालाच माहीत नाही. तुला कळलंय हे मला माहीत नव्हतं. मुद्दाम माझ्यासाठी आणलंस, आणि मला लाज वाटू नये म्हणून तिचं नाव पुढे केलंस."

मी त्यांच्याकडे बघून हो म्हणाले.